पाखरांची मोजदाद आणि ओढ्याची वही
(अभ्यासलेख)



या वेळचा अभ्यासाचा विषय काहींना आपल्या सेवाकार्यापासून दूरचा वाटेल. विषय आहे आपल्या परिसरातील पक्षी, प्राणी, ओढे आणि नद्या यांची नियमित नोंद ठेवण्याचा. हे काम शास्त्रज्ञांचे किंवा वन विभागाचे आहे, आपला त्यात काय संबंध, असे आपण सहज म्हणतो. पण जगभर अशा नोंदींचा फार मोठा भाग साधी माणसेच करत आली आहेत. त्यांत शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, विद्यार्थी, गृहिणी आणि निवृत्त कर्मचारी आहेत. त्यांना पगार मिळत नाही आणि पदवीही लागत नाही. या पद्धतीला ‘नागरिक विज्ञान’ असे नाव आहे.

अभ्यासाचा मुद्दा एकच आहे. जे कोणी लिहून ठेवत नाही ते नाहीसे झाले तरी लवकर लक्षात येत नाही, आणि लक्षात आले तरी दुसऱ्याला पटवून देता येत नाही. म्हणून प्रामाणिकपणे मोजणे आणि लिहून ठेवणे ही एक प्रकारची साक्ष आहे. ज्याला स्वतःच्या बाजूने बोलता येत नाही, त्याच्यासाठी दिलेली साक्ष. ती कशी द्यायची हे आपण क्रमाने पाहू.

१. ही पद्धत आली कुठून?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नाताळच्या दिवशी शिकारीची एक स्पर्धा होत असे. माणसांचे गट पाडायचे, बंदुका घेऊन निघायचे आणि दिसेल तो पक्षी, दिसेल तो प्राणी मारायचा. संध्याकाळी ज्या गटाचा ढीग मोठा तो गट जिंकला. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञांनी १९०० साली सुचवले की, या नाताळला मारण्याऐवजी मोजू या. त्या २५ डिसेंबरला पंचवीस ठिकाणी मिळून सत्तावीस जणांनी पक्षी मोजले. ती नाताळ पक्षीगणना आजही दरवर्षी होते. आता तिच्यात हजारो लोक भाग घेतात आणि सव्वाशे वर्षांच्या नोंदी एका जागी जमल्या आहेत. सण तोच राहिला, हातातली वस्तू मात्र बदलली.

त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, इंग्लंडमधील सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक पाळक होते. ते रोज फिरायला जात आणि जे दिसले, जे ऐकू आले ते तारखेनिशी लिहीत. दिसायला जवळजवळ सारखे असलेले तीन छोटे पक्षी वेगवेगळ्या जातींचे आहेत, हे त्यांनी त्यांच्या आवाजावरून ओळखले. त्यांचे पुस्तक १७८९ साली निघाले. त्यांच्याजवळ मोठी साधने नव्हती. एकाच गावात राहून वर्षानुवर्षे लक्ष देणे एवढेच त्यांचे भांडवल होते.

आपल्या देशातही हे काम जुने आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, १८८३ साली स्थापन झाली, आणि तिच्या पहिल्या सदस्यांत हौशी निरीक्षक बरेच होते. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराच्या आसपासचे पक्षी मोजण्याचा उपक्रम असतो आणि २०१३ पासून भारतीय निरीक्षकही त्यात सामील होतात. एरवी वर्षभर लोक ‘ईबर्ड’ या मोबाइल ॲपवर आपली यादी भरतात.

या सगळ्याचा उपयोग काय होतो? २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे. ज्या ३३८ जातींबद्दल दीर्घकाळाचा कल सांगता आला, त्यांतल्या सुमारे साठ टक्के जाती कमी होत चालल्याचे त्यातून दिसले. त्याआधीच्या २०२० च्या अहवालाने चिमणीबद्दल वेगळीच गोष्ट सांगितली. चिमण्या देशभर संपत चालल्या आहेत असे आपण सगळेच म्हणत होतो. नोंदींवरून दिसले की मोठ्या महानगरांत त्या कमी झाल्या असल्या, तरी देशभराचा विचार करता गेल्या पंचवीस वर्षांत त्यांची संख्या साधारण टिकून आहे. म्हणजे नोंद आपली भीती खरी ठरवते, तशीच कधी खोटीही ठरवते. दोन्ही वेळा ती ऐकून घ्यावी लागते.

२. आपल्याच नदीच्या खालच्या अंगाला

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्र्यंबकेश्वरहून गंगापूर धरणात येते, नाशिक शहर ओलांडते आणि पुढे निफाड तालुक्यात जाते. तिथे कादवा नदी तिला मिळते. या संगमापाशी ब्रिटिश काळात शेतीच्या पाण्यासाठी दगडी बंधारा बांधला गेला. पाणी अडले, गाळ साचला, उथळ पाणथळ तयार झाले आणि पक्षी येऊ लागले. हेच नांदूर मध्यमेश्वर. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे २०१९ च्या तारखेने ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले आणि जानेवारी २०२० मध्ये तशी घोषणा झाली. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ होय. रामसरच्या नोंदीत इथल्या ५३६ प्रकारच्या सजीवांचा उल्लेख आहे.

हिवाळ्यात चापडगावच्या बाजूने गेलात तर चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदक ही दूर उत्तरेकडून आलेली मंडळी दिसतात. जांभळ्या पाणकोंबड्या, शेकाटे आणि चित्रबलाकही दिसतात. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पक्षी मोठ्या थव्याने पोहत असतो. त्याला आपल्या लोकांनी ‘वारकरी’ असे सुंदर नाव दिले आहे. वन विभाग इथे पक्षीमित्र आणि स्वयंसेवक यांना सोबत घेऊन पक्षीगणना करतो. आसपासच्या गावांतील तरुण वाटाड्याचे काम करतात, दुर्बीण लावून पाहुण्यांना पक्षी ओळखून देतात आणि त्यावर त्यांना थोडेफार उत्पन्नही मिळते.

पाण्यावर हजारो पक्षी बसलेले असताना ते मोजायचे कसे, असा प्रश्न मुले नेहमी विचारतात. पद्धत सोपी आहे. आधी दहा पक्षी नीट मोजायचे. ते दहा पाण्यावर किती जागा व्यापतात हे डोळ्यांत ठसवायचे. तेवढेच दहा तुकडे मिळून शंभर होतात. मग शंभराचा तो तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते पाहायचे. दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि मग आकडे ताडून पाहायचे. चारपाच वेळा सराव केला की सातवीतला मुलगाही बऱ्यापैकी अंदाज देतो.

या पाणथळाला धोकेही आहेत. पाणवेली फोफावते, पाण्याचा उपसा वाढतो, वस्ती वाढते. आणि नदीचा क्रम लक्षात घ्या. नाशिक शहर वर आहे आणि अभयारण्य खाली. आपल्या मोरीतून, नाल्यातून जे निघते ते शुद्ध न होता नदीत गेले, तर खालच्या पाण्यात पाणवेलीला खतच मिळते. त्यामुळे नांदूर मध्यमेश्वरची वही नाशिकमधल्या घराघराबद्दलही काही सांगत असते.

आणखी एक नाव आपण सर्वांनी ओळखीचे करून घ्यावे असे आहे. दारणा नदीतील एका छोट्या माशाचे वर्णन होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी १९३८ साली केले. त्याचे इंग्रजी नाव आपल्या देवळालीवरून पडले आहे. आज तो अतिसंकटग्रस्त जातींमध्ये मोडतो. देवळालीत आपल्या किती ओळखीच्या मंडळ्या आहेत! पण या गावाच्या नावाचा एक मासा आहे, आणि तो जगातून जाण्याच्या बेतात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

३. गिधाडांनी शिकवलेला धडा

न लिहिल्याने काय होते, आणि लिहिल्याने काय होते, हे दोन्ही गिधाडांच्या इतिहासातून कळते.

आपल्या आईवडिलांच्या काळात गिधाड हा इतका सामान्य पक्षी होता की त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नसे. गावाबाहेर ढोर टाकले की काही वेळात ती उतरत आणि हाडे तेवढी उरत. गिधाडे कमी झाली तेव्हा गावोगाव लोक एवढेच म्हणाले, “हल्ली दिसत नाहीत.” कधीपासून, किती आणि का, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र बीएनएचएसचे विभू प्रकाश शिकारी पक्ष्यांची आणि त्यांच्या घरट्यांची मोजणी करत होते. १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करून होत्या. सुमारे नऊ वर्षांनी त्या निम्म्याहूनही कमी झाल्या आणि पुढच्या थोड्याच वर्षांत जवळजवळ संपल्या. जुना आकडा हाताशी होता म्हणून नवा आकडा धक्का देऊ शकला. मग देशभर रस्त्यांच्या कडेने मोजणी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे त्यातून निष्पन्न झाले. म्हणजे हजारांतले एक उरले.

कारण २००४ साली प्रसिद्ध झाले. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात राहते. ते मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. शंभर मढ्यांपैकी एकापेक्षाही कमी मढ्यांत ते असले, तरी एवढा नाश व्हायला पुरेसे आहे, कारण शेकडो गिधाडे एकाच मढ्यावर जेवतात. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आणली. त्याऐवजी मेलोक्सिकॅम हे सुरक्षित औषध उपलब्ध आहे. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पंधरा वर्षांत गेलेले भरून यायला पिढ्या लागतील.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट अजून चालू आहे. त्र्यंबक आणि अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. हरसूल परिसरातल्या खोरीपाडा या आदिवासी पाड्यावर ग्रामस्थ आणि वन विभाग यांनी मिळून गिधाडांसाठी ‘उपाहारगृह’ सुरू केले. मेलेले जनावर ठरलेल्या मोकळ्या जागी ठेवायचे आणि गिधाडांना निर्धास्तपणे खाऊ द्यायचे, अशी ती व्यवस्था. जगातून नाहीसा होऊ घातलेला पक्षी ज्यांनी सांभाळला, त्यांच्याकडे दुर्बिणी नव्हत्या, पण डोळे होते आणि शब्द पाळण्याची सवय होती.

यातून आपल्यासाठी एक साधी गोष्ट निघते. ज्यांच्या घरी गुरे आहेत किंवा जे पशुधनाच्या योजना राबवतात, त्यांनी जनावराला इंजेक्शन देताना औषधाचे नाव विचारावे आणि लिहून ठेवावे. हीसुद्धा नोंदच आहे.

४. ओढ्याची वही

आता पक्ष्यांकडून पाण्याकडे येऊ. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या भागांत पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात मात्र बाया हंडे घेऊन झिऱ्यावर बसलेल्या असतात. पाड्यावरची तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे: पूर्वी हा ओढा होळीपर्यंत वाहायचा, आता नाताळलाच आटतो. हे बहुधा खरेच असते. पण कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, “कधीपासून? पुरावा काय?” आणि खरे बोलणारा माणूस गप्प होतो. गरिबाचे बोलणे खोटे असते म्हणून ऐकले जात नाही असे नाही. त्याच्यामागे कागद नसतो म्हणून ते बाजूला सारले जाते.

ओढ्याची वही हे त्यावरचे छोटे साधन आहे. शंभर पानी वही, पेन आणि एक मोजपट्टी पुरते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी जाऊन या गोष्टी लिहायच्या:

• तारीख, वेळ आणि लिहिणाऱ्याचे नाव.

• पाणी वाहते आहे की फक्त डोह उरले आहेत, की ओढा कोरडा आहे. वाहत असेल तर दहा मीटर अंतर मोजून एक लिंबू सोडायचे आणि ते किती सेकंदांत पोचते ते लिहायचे.

• पाण्याचा रंग, वास, फेस. पारदर्शक बाटलीत पाणी घेऊन पलीकडचा छापील मजकूर वाचता येतो का ते पाहायचे.

• दगड हळूच उलटून खाली कोण राहते ते पाहायचे आणि दगड पुन्हा तसाच ठेवायचा. शेपटीला दोन-तीन लांब केस असलेले चपळ किडे सापडले, तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे असे समजावे. नुसत्याच लाल बारीक अळ्या गाळात असतील, तर पाणी घाण झाल्याची ती खूण असू शकते.

• दिसलेले खेकडे, मासे, बेडूक, चतुर, खंड्या, धोबी.

• विहीर जवळ असेल तर काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर.

• सरळ कडांच्या डब्यात साठलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये. हा आकडा पावसाळ्यात रोज सकाळी एकाच वेळी घ्यावा.

याशिवाय वर्षातून एकदाच येणाऱ्या तारखा फार मोलाच्या असतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. काही भागांत याला वलगण म्हणतात. ती कोणत्या तारखेला झाली? मोहाचे पहिले फूल कधी पडले? ओढा कोणत्या दिवशी तुटला? या तारखा दहा वर्षे लिहिल्या, तर त्या पाड्याजवळ स्वतःचा असा इतिहास तयार होतो.

पिण्याच्या पाण्याबाबत काही काम आधीच सुरू आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या संचात आम्लता, गढूळपणा, फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन अशा गोष्टी पाहता येतात. जंतूंसाठी वेगळी छोटी बाटली असते. एक-दोन दिवसांत तिच्यातले पाणी काळे पडले, तर पाण्यात मैला मिसळल्याची शंका घ्यायची. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला जलसुरक्षक असतो आणि स्रोतांच्या पाहणीनुसार पंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या ओळखीच्या पाड्याला कोणते कार्ड मिळाले आहे, आणि त्या पाच बाया कोण आहेत, एवढे विचारून यायला हरकत काय? संच कपाटात पडून असेल, तर त्यांच्यासोबत बसून तो उघडावा.

वही लिहून झाली की ती जाते कुठे, हाही प्रश्न आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती करायची असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार ठेवायची असते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार दिला आहे. ग्रामसभेत वही वाचून दाखवली, तिच्यावर ठराव झाला आणि तो इतिवृत्तात आला, म्हणजे ओढ्याची साक्ष नोंदली गेली. त्यानंतरही पाठपुरावा करावाच लागतो. वही आपोआप पाणी आणत नाही. पण रिकाम्या हाताने जाणे आणि तीन वर्षांच्या तारखा घेऊन जाणे यात फरक पडतो.

५. साक्ष खरी असावी म्हणून

डोंगरावरील प्रवचनात प्रभू आपल्याला पाखरांकडे पाहायला सांगतो. तो भाग आपण चिंतेविषयी म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिथे पहिले काम पाहण्याचे सांगितले आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणूस जिवांना नावे देतो; त्यासाठीही प्रत्येकाला वेगळे ओळखावे लागले असेल. आणि खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा शेजाऱ्याबद्दल आहे. ओढा, पक्षी आणि खालच्या गावचा माणूस हेही आपले शेजारीच धरले, तर नोंद करताना काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य शून्याचे. एक तास उभे राहून एकही पक्षी दिसला नाही, तर ‘शून्य’ लिहायचे. आपल्या सेवाक्षेत्रात अहवाल लिहिण्याची सवय असलेल्यांना हे जड जाते. आपल्याला चांगली बातमी कळवायची असते. शिबिराला इतके आले, झाडे इतकी लावली. इथे शून्याला शंभराइतकीच किंमत आहे. गिधाडांच्या बाबतीत रिकाम्या घरट्यांनीच सत्य सांगितले.

दुसरे पथ्य न कळल्याचे. पक्षी ओळखता आला नाही, तर ‘बदक, जात कळली नाही’ असे लिहावे. ओढूनताणून नाव देऊ नये. दुर्मीळ पक्ष्याचे नाव लिहिण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

तिसरे पथ्य सातत्याचे. एकदा मोठा उत्सव करून शंभर जणांना नदीवर नेण्यापेक्षा दोघांनी वर्षभर एकाच जागी जाणे जास्त उपयोगाचे आहे. जागा, वेळ आणि पद्धत बदलली की आकड्यांची तुलना होत नाही.

चौथे पथ्य इजा न करण्याचे. पाहायचे, पकडायचे नाही. घरट्याजवळ जायचे नाही, गिधाड किंवा घुबड यांच्या घरट्याचा फोटो जागेसह मोबाइलवर पसरवायचा नाही. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीने आणि नियमांनुसारच जायचे. लहान मुलांना पाण्याजवळ नेताना मोठी माणसे सोबत हवीत. पावसाळ्यात चढत्या पाण्याजवळ कोणीच जाऊ नये.

पाचवे पथ्य मालकीचे, आणि आपल्यासाठी ते सर्वांत महत्त्वाचे. कोकणा, वारली, महादेव कोळी, कातकरी बांधवांना आपल्या जंगलाची जी माहिती आहे ती पुस्तकात नाही. कोणता मासा कुठल्या डोहात असतो, कोणता पक्षी ओरडला की पाऊस जवळ आला, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. आपण शिकवायला जात नाही. आपण वही धरायला जातो, आणि शक्य तितक्या लवकर ती वही त्यांच्याच मुलामुलींच्या हातात द्यायची आहे. मूळ वही पाड्यावर राहावी आणि आपण हवी तर प्रत घ्यावी. नावे आधी त्यांच्या बोलीत लिहावीत, मग मराठीत. औषधी वनस्पती किंवा मधाच्या जागा त्यांना उघड करायच्या नसतील, तर आग्रह धरू नये.

६. मंडळीत सुरुवात कशी करावी?

पहिल्या महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर पंधरा मिनिटे मंडळीच्या आवारातच थांबा. दिसलेले आणि ऐकू आलेले सगळे पक्षी लिहा, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ लिहा. कावळा, कबुतर, साळुंकी, बुलबुल, शिंजीर. सामान्य म्हणून कोणाला गाळू नका. शरणपूरपासून देवळालीपर्यंत आपल्या मंडळ्यांच्या आवारात झाडे आहेत. प्रत्येक आवाराची एक यादी झाली, तरी तो शहराचा एक छोटा नकाशा होईल.

दुसऱ्या महिन्यात तरुण संघाने एक ओढा, नाला किंवा नदीचा घाट निवडावा. शहरात असाल तर नासर्डी म्हणजे नंदिनी, वालदेवी किंवा वाघाडी जवळ सापडेल. घाण नाल्याचीही वही ठेवावी. तो सुधारला तर कळायला हवे.

तिसऱ्या महिन्यात दोघा-तिघांनी ईबर्डवर यादी भरायला शिकावे आणि इतरांना शिकवावे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची वहीतली नोंद दुसऱ्याने भरावी. ज्येष्ठांनी या कामात जरूर यावे. सकाळी वेळेवर उठणे आणि रोज तीच वाट चालणे हे गुण त्यांच्याजवळ आधीच आहेत. महिला मंडळाने पाणी तपासणीच्या पाच महिलांशी ओळख करून घ्यावी.

जानेवारीत पाणपक्ष्यांची आणि फेब्रुवारीत घराजवळच्या पक्ष्यांची गणना असते. त्याआधी तीन महिने सराव झाला, तर आपली माणसे तिथे उपयोगी पडतील, नुसती गर्दी होणार नाहीत.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या लहानपणी नेहमी दिसणारा कोणता पक्षी, मासा किंवा झाड आता दिसत नाही? ते केव्हा कमी झाले हे कोणी लिहून ठेवले आहे का?

२. तुमच्या घरातील सांडपाणी कोणत्या नाल्यात जाते आणि तो नाला पुढे कुठे मिळतो? गटात मिळून कागदावर रेघ ओढून दाखवा.

३. आपल्या सेवाकार्याच्या अहवालांत ‘शून्य’ लिहिण्याची वेळ आली, तर आपण काय करतो? पक्षीगणनेतील शून्याचा नियम तिथेही लावता येईल का?

४. आपण ज्या पाड्यावर जातो, तिथे ओढ्याची वही कोण लिहू शकेल? त्या व्यक्तीला आपण विचारले आहे का, की आपणच ठरवून मोकळे झालो आहोत?

५. दर आठवड्याला एक तास, पुढचे एक वर्ष, एकाच जागी जायला तुमच्या गटातील कोणते दोघे तयार आहेत? त्यांची नावे आणि जागा आजच लिहून ठेवा.